पंख नव्हते म्हणून नव्हे

दुबळा तो संपतो, हा निसर्गाचाच न्याय आहे, असे वाक्य आपल्याकडे फार सहजपणे उच्चारले जाते. परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याविषयी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याविषयी, एवढेच काय, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाविषयीही ते वापरले जाते. पुरावा मागितला की न उडणाऱ्या पक्ष्यांचा दाखला पुढे येतो. डोडो पाहा, असे सांगतात. पंख असून उडता येईना, अंगाने बोजड, शत्रू समोर आला तरी पळण्याची अक्कल नाही. म्हणून तो संपला. इंग्रजी भाषेत तर ‘डोडो’ हा शब्द मूर्ख माणसासाठी रूढच झाला. स्मरणिकेत सामान्यतः आठवणींना आणि कृतज्ञतेला स्थान असते, आणि ते योग्यच आहे. तथापि बुद्ध, फुले आणि आंबेडकर यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत एखादी रूढ समजूत पुराव्यावर घासून पाहणे, हीदेखील कृतज्ञताच होय, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्या दाखल्याचीच उलटतपासणी करू इच्छितो.

न उडणारा पक्षी ही आपल्या भूमीला सर्वस्वी परकी गोष्ट आहे, असे मानण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. जवळच सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. या पाटणे येथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली आहे आणि तिचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला आहे. कवचापासून घडविलेले मणीही तेथे सापडले. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या माळांवर एके काळी शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यांचे मणी करून माणसे गळ्यात घालीत होती. भारतात सापडलेल्या अशा कवचांतून मिळालेल्या जनुकीय पुराव्याचा अभ्यास हैदराबादच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला आणि हे पक्षी आफ्रिकेतील शहामृगांचेच आप्त होते, असे दाखवून दिले. आज आपल्याकडे शहामृग फक्त प्राणिसंग्रहालयात दिसतो. हवामानातील बदल आणि माणसाने केलेली शिकार ही त्याच्या नाहीशा होण्याची कारणे म्हणून सांगितली जातात. शहामृग मूर्ख होता म्हणून संपला, असे मात्र कोणताही अभ्यासक म्हणत नाही. कारण तोच शहामृग आफ्रिकेत सिंहांच्या आणि तरसांच्या शेजारी आजही जगतो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पक्ष्याने उडणे सोडलेच का? उडणे हे अतिशय खर्चिक काम आहे. छातीचे मोठे स्नायू पोसावे लागतात, त्यासाठी सतत अन्न लागते. समुद्रातील एखाद्या दूरच्या बेटावर पक्षी पोहोचला, तेथे झडप घालणारे सस्तन प्राणी नाहीत, अन्न जमिनीवरच मिळते, अशी स्थिती असेल तर ज्याचे पंख लहान त्याचा खर्च कमी. हजारो पिढ्यांनंतर पंख आखूड होतात आणि पाय बळकट होतात. ही अधोगती नव्हे. परिस्थितीला दिलेले ते अचूक उत्तर होय. हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पाणकोंबडीच्या कुळातील एक पक्षी मादागास्करहून उडत तेथे पोहोचला आणि कालांतराने त्याने उड्डाण गमावले. सुमारे एक लाख छत्तीस हजार वर्षांपूर्वी ते बेट समुद्राखाली गेले आणि ते पक्षी नष्ट झाले. पुढे बेट पुन्हा वर आले, त्याच कुळातील पक्षी पुन्हा उडत आले आणि त्यांच्याही वंशजांनी पुन्हा उड्डाण सोडले. एकाच प्रश्नाला निसर्गाने दोनदा एकच उत्तर दिले. जे उत्तर दोनदा यशस्वी ठरते, त्याला चूक म्हणता येणार नाही.

मग हे पक्षी संपले कसे? डोडोचीच कथा पाहू. डोडो हा कबुतराच्या कुळातला. आपल्याच निकोबार बेटांवर आढळणारे निकोबारी कबूतर हा त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग. मॉरिशस बेटावर तो जमिनीवर घरटे करून सुखाने राहत होता. १५९८ साली डच खलाशी तेथे उतरले. त्यांच्या जहाजांतून उंदीर आले, डुकरे आली, माकडे आली. जमिनीवरचे अंडे त्यांना आयतेच मिळाले. पाठोपाठ जंगल तोडले गेले. १६६२ नंतर डोडो दिसल्याची विश्वसनीय नोंद नाही. ज्या पक्ष्याने हजारो वर्षे त्या बेटावर काढली, त्याचा निकाल साठ-सत्तर वर्षांत लागला. या काळात डोडो आपल्या देशातही पोहोचला होता. शिवरायांच्या जन्माच्या आगेमागे सुरतेत असलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने तेथे दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. बादशहाच्या चित्रकाराला जो पक्षी अद्भुत वाटला, तोच पुढे मूर्खपणाचे प्रतीक ठरला. ज्याला मारले, त्याची नंतर टिंगलही केली.

न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचे, माणसाहूनही उंच होणारे पक्षी होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस माणूस तेथे पोहोचला आणि शे-दीडशे वर्षांत मोआच्या सर्व नऊ जाती नाहीशा झाल्या. त्यांच्यावर जगणारा महाकाय गरुड उत्तम उडणारा होता. अन्न संपल्यावर तोही संपला. उत्तर अटलांटिकमधील ग्रेट ऑक हा पक्षी पाण्यात कुशल, पण उडू न शकणारा. मांस, चरबी आणि गादीत भरायची पिसे यांसाठी त्याची कत्तल झाली. तो दुर्मीळ होताच संग्राहकांनी त्याची किंमत वाढविली, आणि १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर शेवटची जोडी मारली गेली. न्यूझीलंडच्याच स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले. माणसांबरोबर मांजरे आली आणि तेथील चिमुकला, न उडणारा पक्षी थोड्याच काळात संपला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मानवाच्या प्रसारानंतर नामशेष झालेल्या ५८१ पक्षिजातींपैकी १६६ जाती न उडणाऱ्या होत्या. आज जगात अशा साठच जाती उरल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, शेवटी उडता येत नव्हते म्हणूनच ना ते मेले? येथेच विचाराची कसोटी आहे. ऑस्ट्रेलियातील एमू उडत नाही. १९३२ साली पिकांच्या रक्षणासाठी तेथे एमूंविरुद्ध लष्कराच्या मशीनगन आणल्या गेल्या, तरीही एमू पुरून उरला. मराठवाड्यात एमूपालनाची लाट येऊन ओसरल्याचे आपल्या पालकांपैकी अनेकांना स्मरत असेल. त्यात पक्षी टिकला, बुडाले ते गुंतवणूकदार. तेव्हा उड्डाणहीनता हे एकटे कारण असू शकत नाही. ज्या पक्ष्यांना शत्रूची ओळख होण्यास लाखो वर्षे मिळाली ते धावायला, लाथ मारायला शिकले. ज्यांच्यावर शत्रू एका पिढीत आणून सोडला गेला, त्यांना शिकण्याचा अवधीच मिळाला नाही. तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा आशय हाच की कोणतीही गोष्ट एकाकी स्वभावामुळे घडत नाही. कारणे आणि प्रत्यय एकत्र येतात तेव्हाच ती घडते. घटनेचा दोष पीडिताच्या स्वभावात शोधणे ही कर्मविपाकाची जुनी रीत होय. परिस्थितीची साखळी उलगडणे ही बुद्धाची रीत होय.

याच चाळीसगावात १९२९ साली बाबासाहेबांना झालेला अपघात आपल्या वाचकांना ठाऊक आहे. टांगा पुलावर उलटला, ते दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वरवर पाहणारा म्हणेल, हाकणारा अडाणी होता म्हणून अपघात झाला. बाबासाहेबांनी मात्र चौकशी केली तेव्हा कळले की अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. भाड्याने टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही, म्हणून ज्याला सवय नव्हती अशा आपल्याच बांधवाने लगाम हाती घेतला. हाकणाऱ्याचे अकौशल्य खरेच होते. परंतु ते कारणाच्या साखळीतील शेवटची कडी होते. पहिली कडी जातीची होती. डोडोचे आखूड पंख हीदेखील अशीच शेवटची कडी आहे.

‘जो सर्वांत योग्य तो टिकतो’ हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली केला. डार्विनने तो पुढे, १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. डार्विनच्या विचारात ‘योग्य’ म्हणजे त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या परिस्थितीला अनुरूप. श्रेष्ठ असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे मात्र त्या वाक्याने मनुस्मृतीची जागा घेतली. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात हा मुद्दा नेमका पकडला होता. हिंदू समाज इतकी शतके टिकला हाच त्याच्या योग्यतेचा पुरावा, असा युक्तिवाद त्यांच्यासमोर होता. केवळ टिकणे हा योग्यतेचा पुरावा ठरत नाही, समाज कोणत्या पातळीवर जगतो हा खरा प्रश्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आम्ही त्याच विचाराची दुसरी बाजू मांडतो: टिकणे हा योग्यतेचा पुरावा नसेल, तर संपणे हाही अयोग्यतेचा पुरावा नव्हे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माणसांना पक्ष्यांच्या उपमेत बसविणे धोक्याचे असते. पक्ष्यांचे पंख निसर्गाच्या ओघात, गरज न उरल्याने आखूड झाले. आपल्या पूर्वजांचे पंख छाटले गेले. शस्त्र, विद्या आणि संपत्ती ही तिन्ही कायद्याने व धर्माने त्यांच्याकडून काढून घेतली गेली. शिवाय पक्ष्याला संघटना करता येत नाही, सत्याग्रह करता येत नाही, संविधान लिहिता येत नाही. आपल्याला ते करता आले. म्हणून उपमा येथवरच न्यावी, की दोन्ही ठिकाणी जो बळी, त्यालाच दोषी ठरविले गेले.

आता आपल्या दाराशी येऊ. माळढोक हा उडणारा पक्षी, पण त्याचे सारे आयुष्य जमिनीवरचे. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. वर्षाकाठी साधारणतः एकच अंडे, तेही उघड्या माळावर. डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी एवढे अंग चटकन वळविता येत नाही. उच्चदाबाच्या वीजवाहिन्या आज त्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण ठरल्या आहेत. देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, जेथे तो हमखास दिसे, तेथे आता त्याचे दर्शन क्वचितच घडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली सौरऊर्जेची गरज लक्षात घेऊन त्या आदेशात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली.

माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे आणि शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी वैर निर्माण झाले. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. या काळात माळ मात्र थांबला नाही. धरणाचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले, रस्ते आणि तारा आल्या. गवताळ माळाला सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणण्याची पद्धत असल्याने त्यावर झाडे लावणे हेही पुण्यकर्म ठरले. वस्तुतः गवताचा माळ हा स्वतःच एक संपन्न अधिवास आहे. तित्तर, चंडोल, धाविक, टिटवी यांची घरटी तेथेच असतात.

येथे आमचे मत स्पष्ट आहे. माळ वाचविण्याची चर्चा निघाली की बोट प्रथम गायरान कसणाऱ्या भूमिहीनाकडे दाखविले जाते. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी जे लढे दिले, त्यांतून मराठवाड्यातील आपल्या कित्येक कुटुंबांना पहिल्यांदा पायाखालची जमीन मिळण्याची आशा वाटली. त्यांची दोन-तीन एकर ज्वारी-तूर माळढोकाचा कर्दनकाळ नाही. कोरडवाहू शेतात तर तो किडे आणि दाणे टिपतो. संकटाचा भार पुन्हा सर्वांत दुबळ्याच्या माथी मारणे, ही डोडोला मूर्ख ठरविण्याचीच दुसरी आवृत्ती होईल. जे संरक्षण गरिबाच्या ताटातून काढून घेतले जाते, ते टिकत नाही, हे १९७९ च्या अभयारण्याने सिद्ध केले आहे.

न उडणाऱ्या पक्ष्यांच्या कथेत आशेचे पर्वही आहे आणि आमच्या मते आपल्या विद्यालयाशी त्याचा थेट संबंध आहे. न्यूझीलंडमधील काकापो हा न उडणारा पोपट १९९५ साली अवघा ५१ उरला होता. उंदीर-मांजरे नसलेल्या बेटांवर त्यांना हलविले गेले, एकेका पिल्लावर पाळत ठेवली गेली. आज त्यांची संख्या दोनशेहून अधिक आहे. त्याच देशातला टाकाहे पक्षी संपला असे मानले गेले होते. १९४८ साली तो पुन्हा सापडला आणि जपणुकीने वाढला. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून साप शिरला आणि तेथील न उडणारी पाणकोंबडी जंगलातून नाहीशी झाली. पिंजऱ्यात वाढविलेल्या पक्ष्यांतून ती शेजारच्या बेटावर पुन्हा रुजली. ज्याला ‘निसर्गाचा नियम’ म्हटले गेले, तो निश्चयाने फिरविता आला.

आपले निवासी विद्यालय हे असेच एक सुरक्षित बेट आहे. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मूल येथे शिकते, वेळेवर जेवते आणि त्याला कोणी जात विचारीत नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभारले, जे पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले, त्यामागेही हीच दृष्टी होती. परंतु बेटावर वाढलेले मूल एक दिवस मुख्य भूमीवर जाते. पुणे, मुंबई, दिल्लीच्या संस्थांत त्याची भाषा, त्याचे आडनाव, त्याचा प्रवेशक्रमांक यांवरून त्याला तोलले जाते. मिलिंद महाविद्यालयातच शिकलेले प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा अहवाल दिला, तो याच वास्तवाचा दस्तऐवज होय. तेथे एखादा विद्यार्थी खचला की लगेच म्हटले जाते, झेपले नाही. आखूड पंखांकडे बोट दाखविले जाते. जमिनीवर सोडलेल्या मांजरांचा उल्लेख कोणी करीत नाही.

न्यूझीलंडच्या लोकांना उमगले आहे की पक्ष्यांना कायम बेटांवर ठेवून चालणार नाही. २०१६ साली त्यांनी २०५० पर्यंत संपूर्ण देशच बाहेरून आलेल्या प्रमुख भक्षकांपासून मुक्त करण्याचा संकल्प जाहीर केला. यातील बोध घेण्याजोगा आहे. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, आरक्षण ही बेटे आहेत. ती हवीतच, आणि ती बुडविण्याचा प्रत्येक प्रयत्न रोखलाच पाहिजे. पण जातीचा अंत म्हणजे मुख्य भूमी निर्भय करणे. पहिल्या कामात गुंतून दुसरे विसरलो, तर आपण केवळ काकापोची संख्या मोजत राहू.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे दोन गोष्टींचे आवाहन आहे. पहिली, येथून दहावी होऊन शहरात जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीमागे तेथे आधीपासून असलेला एक माजी विद्यार्थी उभा राहावा. फॉर्म भरण्यापासून पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत त्याने विचारपूस करावी, आणि अन्याय दिसला तर लेखी तक्रार करण्यास सोबत जावे. दुसरी, आपल्या गावाच्या माळाचा एखादा पट्टा तरी चैत्र-वैशाखात न जाळता राखावा आणि उरलेसुरले अन्न उघड्यावर टाकू नये. त्यावर पोसलेली मोकाट कुत्री टिटवीची आणि तित्तराची अंडी खातात. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी शिलास्तंभावर पोपट, मैना, हंस यांच्यासह अनेक प्राण्यांना अभय दिले आणि कारणाविना रान जाळण्यास मनाई केली. त्या वारशाचे आपण उत्तराधिकारी आहोत.

औंढ्याजवळ आता गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या घटनेचे कारण शोधणारे यंत्र ज्या तालुक्यात येत आहे, त्या तालुक्यातील मुलाला आपल्या दारिद्र्याचे, आपल्या माळाच्या ओसाडपणाचे कारण शोधता आले पाहिजे. यापुढे वर्गात कोणी डोडोला मूर्ख म्हटले, तर आपल्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारावे: त्या बेटावर उंदीर कोणी आणले?